पळसाची लाख आणि आपल्या घरचे जुने लाकूडसामान

ज्युबिली जवळ आली की देवळाबरोबर घरेही उजळू लागतात. भिंतींस रंग लागतो, अंगणे नीटनेटकी होतात, आणि ज्या वस्तू कित्येक वर्षे कोणाच्या डोळ्यांस खुपत नव्हत्या त्या एकाएकी जुनाट दिसू लागतात. त्यांतल्या त्यांत गदा येते ती लाकडी सामानावर. आजोबांची लांब हातांची आरामखुर्ची, आजीचे सागवानी कपाट, ज्याच्यावर पिढ्यान् पिढ्या मुलांनी अक्षरे गिरविली ते मेज, ह्यांवर कोणी तेलरंगाचा जाड हात फिरवितात, कोणी ती फेरीवाल्यास पडेल त्या दामाने देऊन टाकतात, तर कोणी हौसेने सुतारास बोलावून रंध्याने त्यांची कातडीच सोलून घेतात. हा शेवटचा मार्ग काळजीचा म्हणून गणला जातो. पण नुकसान त्यानेही तितकेच होते. कारण लाकडावरील जुने रोगण एकदा गेले की गेले. आपल्या बाजूस हे रोगण बहुतेक ठिकाणी लाखेचे असते, आणि लाख ही तर आपल्या झाडीपट्टीची वस्तू. म्हणून तिचा इतिहास वाचकांपुढे मांडावा, आणि त्याच्या आधाराने जुन्या सामानाचे पुनरुज्जीवन घरच्या घरी कसे करता येते हेही सांगावे, असे योजिले आहे.

गोंदिया ह्या नावाविषयी असे सांगतात की, गोंड लोक पळसाचा डिंक, ज्यास हिंदीत गोंद म्हणतात, आणि त्याबरोबर लाख आणून ह्या पेठेत विकीत, त्यावरून गावास हे नाव पडले. व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीस ही कथा कितपत उतरेल हा प्रश्न वेगळा. परंतु गावाचे नाव सांगताना लोकांच्या तोंडी जंगलाच्या नेमक्या ह्याच दोन जिनसा याव्यात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चुलबंदच्या खोऱ्यात धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर पळस जागोजाग उभा असतो. फाल्गुनात तो फुलला म्हणजे सर्वांस दिसतो. एरवी सरपण आणि पत्रावळी ह्यांपलीकडे त्याची आठवण कोणी काढीत नाही. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण आपण निराशेने उच्चारतो. त्याच झाडाच्या फांदीवर जे धन पिकते त्याचा म्हणीत उल्लेख नाही.

लाख हा झाडाचा चीक नव्हे, डिंकही नव्हे. डोळ्यांस जेमतेम दिसेल एवढ्या तांबड्या किड्याने स्वतःच्या शरीराभोवती रचलेले ते घर आहे. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे सहस्रावधी बसतात, सोंड सालीत रोवून रस पितात, आणि अंगातून जी राळ बाहेर टाकतात तिच्या पुटाखाली एकमेकांस चिकटून राहतात. मादी एकदा बसली की पुन्हा जागा सोडीत नाही; तेथेच वाढते, तेथेच अंडी घालते, तेथेच मरते. अंड्यांतून पिले निघण्याच्या बेतात असली म्हणजे शेतकरी त्या काड्या तोडून नव्या फांद्यांस बांधतो. ह्या काड्यांस बीजलाख म्हणतात. पळस व बोर यांवरील लाख ती रंगीनी आणि कुसुमावरील ती कुसमी. कुसमीचा रंग फिका, म्हणून तिला भाव अधिक. रंगीनीची पिके वर्षास दोन, वैशाखी आणि कातकी. कार्तिकाच्या सुमारास बांधलेले बीज उन्हाळा संपता संपता पिकते, आणि पावसाळ्याच्या तोंडी बांधलेले बीज पुन्हा कार्तिकाच्या आगेमागे उतरते.

आपल्या देशास ही वस्तू फार पुरातन काळापासून ठाऊक आहे. अथर्ववेदात लाक्षेवर सूक्त आहे, आणि महाभारतातील लाक्षागृहाची कथा तर लहान मुलांसही माहीत असते. ती कथा रचणारास लाख भराभर पेटते हे पक्के ठाऊक होते, एवढे वाचकांनी मनात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे. बायकांच्या पायांचा अळिता, सोनाराच्या दागिन्यांतील भरणा, लाखेच्या बांगड्या, दप्तरांवरील मोहोर, इतक्या ठिकाणी ती शिरली. मोहोर लावून बंद केलेल्या पत्रास आपण लाखोटा म्हणतो, तो शब्दही तिच्याच घरचा.

परंतु ती कोण निर्माण करतो ह्याचा उलगडा व्हावयास पुष्कळ काळ गेला. १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरील ग्रंथात गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याने लाखेवर एक संवाद लिहिला आहे. तो तिला पंखवाल्या मुंग्यांचे काम समजे. मुंग्या नव्हेत, हा किडाच निराळा, हे युरोपातील पंडितांस कळविण्याचे श्रेय एका धर्मगुरूकडे जाते. फादर गी ताशार हे येशूसंघीय गणिती १६८५ साली फ्रान्सच्या राजाने सयामकडे पाठविलेल्या मंडळींत होते. पुढे ते हिंदुस्थानात आले आणि १७१२ साली बंगालमध्ये निवर्तले. लाखेच्या किड्यासंबंधी त्यांचा वृत्तांत १७०९ सालचा. त्यानंतर १७८१ साली पाटण्याच्या जेम्स कर ह्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्या किड्याचे रीतसर वर्णन मांडले. शास्त्रीय नाव देण्याची वेळ आली तेव्हा ह्या दोघांचाही मान राखला गेला: १८८४ साली एका पंडिताने करसाहेबांवरून त्या प्रजातीस केरिया म्हटले, आणि १८८६ साली दुसऱ्याने फादर ताशारांवरून ताशार्डिया म्हटले. नामकरणाच्या नियमाप्रमाणे आधीचे नाव टिकते. म्हणून आज पुस्तकांत केरिया लाक्का असे लिहितात. धर्मगुरूंचा दावा दोन वर्षांनी हुकला. तथापि जुन्या ग्रंथांत त्यांचे नाव अद्याप भेटते, आणि आम्हांस ते तेथे पाहून आनंद होतो हे लपविण्यात काय अर्थ?

आता लाकडाकडे वळू. आपल्या लोकांचे पूर्वीचे घरसामान बेताचे होते. पाट, चौरंग, बाज, एखादी पेटी वा संदूक, एवढ्यात संसार मावे. उंच बसण्याची खुर्ची आणि उभे ठेवण्याचे कपाट ही सरदार-मुत्सद्द्यांकडून व परदेशीयांकडून हळूहळू खाली झिरपली. ह्याची साक्ष भाषाच देते. अलमारी हा शब्द पोर्तुगीज, तिची चावी पोर्तुगीज, आणि जिच्यावर तिचे दार फिरते ती बिजागरीही पोर्तुगीजच. ज्या पाद्र्याच्या खोलीत ती अलमारी प्रथम दिसली असेल त्याचे नावही त्याच भाषेतून आलेले. गोवा आणि वसई ह्या किनाऱ्यावरील सुतारांनी ह्या परक्या आकृतींस देशी सागवान, शिसव आणि देशी हात दिले.

गोव्यातील त्या काळच्या सामानावर लाख कशी चढवीत ह्याचे वर्णन करणारा साक्षीदारही आपल्यास लाभला आहे. यान ह्यूखेन व्हान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ साली गोव्याचे महागुरुस्वामी व्हिसेंते द फोन्सेका ह्यांच्या परिवारात चिटणीस म्हणून आला आणि १५८९ सालाच्या आरंभी परतला. त्याचा ग्रंथ १५९६ साली प्रसिद्ध झाला. पलंग, खुर्च्या, स्टुले ह्यांचे पाय कातारी लोक चरकावर कातून काढीत असता त्या फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडात बसते, आणि मग घासून तिला चकाकी आणतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. सावंतवाडीच्या पाळण्याच्या खेळण्यांवर आणि चौरंगांच्या पायांवर जी लाल-पिवळी झळाळी दिसते ती ह्याच रीतीची. म्हणजे एका परदेशी चिटणीसाने चारशे वर्षांपूर्वी जे पाहिले ते आजही डोळ्यांनी पाहता येते. अशी भाग्ये इतिहासकाराच्या वाट्यास वारंवार येत नाहीत.

ही झाली कोरडी रीत. ज्यास आपण लाखेचे पॉलिश म्हणतो, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळविलेली लाख बोळ्याने चढविणे, ती रीत युरोपातून आपल्याकडे आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्याच्या आरंभी फ्रान्समधील कारागिरांनी ती पूर्णत्वास नेली. तेथून १८२० नंतर ती इंग्लंडात पसरली आणि मेणाने घासण्याची जुनी पद्धत मागे पडली. पाहा कसा फेरा आहे: लाख आपल्या जंगलातून कलकत्त्यास, तेथून जहाजाने लंडनास, आणि तिचा वापर कसा करावा हे ज्ञान साहेबांच्या बंगल्यांतून परत आपल्या सुतारांकडे! डाकबंगले, कचेऱ्या, रेल्वेच्या वेटिंगरूमा आणि मिशनची घरे ह्यांतून ही कला मध्यप्रांतात मुरली. १९०८ च्या सुमारास गोंदियाहून नागभीडकडे अरुंद मापाची आगगाडी सुरू झाली, आणि सौंदडसारखी गावे तिच्या वाटेवर आली. गाडीबरोबर स्टेशनांची बाके, बाबूंची मेजे व टेकूच्या खुर्च्या ह्या मुलखात आल्या आणि त्या पाहून गावच्या वाढयाने तशाच खुर्च्या बनविल्या. लाकूड तर उत्तम होते. आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती आजही कमी झालेली नाही. २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनांतूनच गेले.

मिशनऱ्यांचीही ह्यात एक लहानशी बाजू आहे. सॅव्हॉयमधील आनेसीहून आलेले संत फ्रान्सिस दि सेल्स संस्थेचे मिशनरी १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले आणि पुढे त्यांचे कार्य कामठी-नागपूरपर्यंत आले. १८८७ साली नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जेथे वेदी तेथे वस्त्रागार, आणि जेथे वस्त्रागार तेथे मिस्साची वस्त्रे घडी न मोडता ठेवण्यासाठी रुंद, उथळ खणांचे कपाट लागतेच. असे कपाट बाजारात विकत मिळत नसे. ते गावातील सुताराकडून, धर्मगुरूने कागदावर काढून दिलेल्या आकृतीवरून, करवून घ्यावे लागे. त्यामुळे जुन्या मिशनठाण्यांतील दोन कपाटे कधी एकसारखी नसतात.

आता चपडा लाख कशी तयार होई ते ऐकावे, कारण त्यातील श्रम कळल्यावाचून त्या रोगणाची किंमत कळत नाही. काडीवरून खरवडलेली लाख कुटून, पाण्यात पायांनी मळून धूत. तांबडा रंग पाण्यात उतरे आणि दाणा उरे. हा दाणा हातभर नव्हे, कित्येक हात लांब अशा कापडी पिशवीत भरून ती पिशवी कोळशाच्या भट्टीपुढे धरीत. एक जण दुसरे टोक पिळीत जाई. वितळलेली लाख कापडातून घामासारखी पाझरे. ती गरम पाण्याने भरलेल्या गुळगुळीत रांजणावर थापून ताडाच्या पानाने पसरीत, आणि मग एक कारागीर तो नरम पापुद्रा उचलून भट्टीच्या धगीपुढे दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी आणि दातांनी धरून चहूकडे ताणी. पापुद्रा कागदासारखा पातळ झाला की थंड करून त्याचे तुकडे करीत, हीच चपडा. उन्हाळ्याच्या दिवसांतही हे काम भट्टीपुढेच चाले. ज्या चकाकीत आपण आपले मुख पाहतो ती अशी दातांनी ताणलेली आहे.

धुतलेल्या पाण्यातील तांबड्या रंगास एके काळी राळेपेक्षा अधिक मोल होते. १८५६ साली कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग निघाला आणि पुढील काही दशकांत लाखेचा रंग गटारात सोडून देण्याची वेळ आली. त्याच सुमारास राळेस मात्र नवे गिऱ्हाईक भेटले. १८९० च्या दशकात एमिल बर्लिनर ह्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या होऊ लागल्या. १९०८ साली कलकत्त्यास तबकड्यांचा कारखाना निघाला. बालगंधर्वांची पदे घरोघर गेली ती ह्याच किड्याच्या राळेवर कोरलेली. मागणी इतकी वाढली की पर्याय शोधणे भाग पडले. बेल्जियममध्ये जन्मलेले रसायनज्ञ लिओ बेकेलांड लाखेसारखा पदार्थ कृतीने करू पाहत होते, त्यातूनच बेकेलाइट निघाले, जे १९०९ साली त्यांनी जाहीर केले. इकडे १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे लाख-संशोधनाची संस्था स्थापन झाली, ती नाव बदलून आजही चालू आहे. महायुद्धात लाख ही लष्करी गरजेची वस्तू ठरली आणि १९४२ साली अमेरिकेच्या सरकारने तबकड्यांसाठी ती वापरण्यावर कडक मर्यादा घातली. युद्धानंतर १९४८ पासून विनाइलच्या तबकड्या आल्या आणि लाखेचे ते गिऱ्हाईक संपले. लाकडाच्या रोगणातही नायट्रोसेल्युलोजची लॅकर, आणि त्यामागून पॉलियुरेथेन, अशी एकामागून एक नवी रोगणे आली. १९२३ पासून गोदरेजांची पोलादी कपाटे निघू लागली होती. वाळवीच्या मुलखात त्यांस यश न येते तरच नवल.

नव्या रोगणांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या मेजावर रोज गरम भांडी उतरतात, पाणी सांडते, तेथे पॉलियुरेथेन टिकते आणि लाख टिकत नाही, हे सरळ मान्य करावे. गरम चहाचा पेला ठेवला की लाखेवर वर्तुळ उठते; साबणाच्या क्षाराने ती मऊ पडते; मद्याचा थेंब तिला विरघळवितो. तरी तिच्या अंगी एक गुण असा आहे की जो दुसऱ्यात नाही. वाळलेली लाख शंभर वर्षांनीही स्पिरिट लागताच पुन्हा मऊ होते, आणि वर चढविलेला नवा हात जुन्याशी एकजीव होतो. म्हणून आजोबांनी दिलेल्या रोगणावर नातवाने हात दिला तर दोन थर राहत नाहीत, एकच होतो. पॉलियुरेथेनचा थर एकदा फुटला की पापुद्र्यांनी सुटतो आणि सगळा खरवडून काढण्यावाचून गत्यंतर नसते.

ह्यावरूनच घरी करावयाच्या कामाचा पहिला नियम निघतो: आधी ओळखावे, मग हात लावावा. कपाटाच्या मागल्या बाजूस, जेथे कोणाची दृष्टी जात नाही, तेथे कापसाच्या बोळ्यावर थोडे स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट दाबून धरावे. बोळा चिकटला व तपकिरी डाग उचलून आला तर रोगण लाखेचे समजावे. काही झाले नाही तर तेलाचे वा नव्या जातीचे. लाखेचे निघाल्यास रंधा व खरवडणी ही अवजारे त्या दिवसापुरती दूर ठेवावीत.

गोंदियाच्या एका वयोवृद्ध पॉलिशवाल्यास आम्ही एकदा एक काळेकुट्ट कपाट दाखविले आणि हे सगळे खरवडावे लागेल ना, असे विचारले. तो कपाटाभोवती फिरला, नखाने कोपरा उकरून पाहिला आणि म्हणाला, "फादर, हे लाकूड आजारी नाही. ह्याची आंघोळ राहिली आहे." आणि खरोखर तसेच होते. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून, पिळून घट्ट केलेल्या फडक्याने तो मळ निघाला. जो त्याने निघेना, म्हणजे मेणबत्त्यांचे काजळ व जुने मेण, तो टर्पेंटाइनने निघाला. खाली बिजाच्या लाकडाचा सोनेरी रंग जसाच्या तसा होता. दहांपैकी किती वस्तूंस एवढेच पुरते ह्याचा हिशेब आम्ही ठेविला नाही, पण नुसत्या आंघोळीने उजळलेले सामान आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

रोगणास बारीक भेगा पडून ते मगरीच्या कातडीसारखे झाले असेल, तर मऊ कुंचल्याने नुसते स्पिरिट लांब हाताने फिरवावे. लाख विरघळते, भेगा मिळतात, आणि वाळल्यावर जुनेच रोगण नवे होते. पांढरी वर्तुळे ही रोगणात शिरलेल्या दमटपणाची असतात; जवळजवळ कोरड्याच वाटणाऱ्या, स्पिरिटचा केवळ वास असलेल्या बोळ्याने हलके पुसल्यास ती जातात. काळे डाग मात्र लाकडातच असतात, बहुधा लोखंडी खिळ्याचे वा ओल्या डब्याचे. ते वरवरच्या उपायाने जात नाहीत. आम्ही तर म्हणू की ते राहू द्यावेत. खिळपाटलेल्या सांध्यांबद्दल दोन शब्द. जुने सुतार सांधा सरसाने जोडीत, आणि सरस ऊन पाण्याने सुटतो; म्हणून डुगडुगणारी खुर्ची खिळे ठोकून पक्की करण्याऐवजी सांधा ऊन पाण्याने सोडवून, जुना सरस पुसून, पुन्हा सरसानेच जोडावी. खिळ्याने आज बसते, उद्या फाटते.

भेगा व खाचा भरण्यास खडूची पूड, गेरू आणि पिवडी लाकडाच्या रंगास मिळतील अशा प्रमाणात घेऊन पॉलिशमध्येच मळावीत. लहान छिद्रांस मेणात मिसळलेला गेरू पुरे. मग नव्या पॉलिशची पाळी. एक लिटर स्पिरिटास सुमारे १५० ग्रॅम चपडा घेऊन काचेच्या वा चिनीमातीच्या बरणीत रात्रभर ठेवावी, मधूनमधून हलवावी, आणि फडक्यातून गाळावी. लोखंडी भांडे वापरू नये, लाख काळवंडते. भिजविलेली लाख वर्षभर साठवून ठेवू नये, कारण जुनी झाली की ती कितीही वेळ गेला तरी कठीण वाळत नाही. दुकानांतील तयार बाटलीवर तारीख नसेल तर ती न घेतलेली बरी. मऊ धुवट सुती कापडात कापूस बांधून लिंबाएवढा बोळा करावा, त्यात पॉलिश मुरवावे, आणि लाकडावर आधी लहान लहान वर्तुळांनी, नंतर रेषांच्या दिशेने, कोठेही न थांबता फिरवावे. बोळा अडखळू लागला तर जवसाच्या तेलाचा एक थेंब, एकच, त्याच्या तोंडास लावावा. हात पातळ असावेत आणि अनेक असावेत. दोन हातांमध्ये थर वाळू द्यावा, बारीक काचकागद नुसता फिरवल्यासारखा करावा, धूळ पुसावी. घाई करणाराच्या बोळ्याचे धागे त्याच्याच रोगणात अडकतात, आणि ते कायमचे साक्षीदार होतात. शेवटी आठवडाभराने मेण. टर्पेंटाइनमध्ये मेण उन्हात किंवा ऊन पाण्यावर ठेवून पातळ करावे, चुलीवर कदापि नव्हे.

लाक्षागृहाची आठवण येथे व्हावी. स्पिरिट चटकन पेटते आणि त्यात विषारी मेथिल मद्यार्क मिसळलेला असतो. तेव्हा दारे-खिडक्या उघड्या, चूल व उदबत्ती दूर, आणि बाटली मुलांच्या हातास न लागेल अशी असावी. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात, ही गोष्ट पुष्कळांस खरी वाटत नाही, पण ती खरी आहे. फडकी पसरून वाळवावीत वा पाण्यात बुडवून टाकावीत. आणि ज्या वस्तूवर जुना तेलरंग आहे तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे भरपूर असे. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कायद्याने कडक मर्यादा आली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. लहान मुले व गर्भवती स्त्रिया ज्या घरात आहेत तेथे असे काम घराबाहेर, ओल्या कागदाने करावे, किंवा करूच नये.

देवळातील सामानाविषयी वेगळा विचार हवा. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील ११८९ वे कलम सांगते की, प्राचीनत्व, कला किंवा भक्ती ह्यांमुळे मौल्यवान ठरलेल्या व श्रद्धावंतांच्या वंदनासाठी देवळांत ठेविलेल्या प्रतिमांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून कधीही करू नये, आणि त्यानेही परवानगीपूर्वी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कलमात प्रतिमांचेच नाव आहे, कपाटाचे नाही. पण त्यामागील शहाणपण कपाटासही लागू पडते. गोव्यात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत उघडले आणि पुढे २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात आले. तेथील जतन केलेल्या वस्तूंपुढे उभे राहिले म्हणजे कळते की जे टिकले ते कोणी तरी त्यास नवे करण्याचा मोह आवरला म्हणून टिकले. आमच्या पेशातील मंडळींसही हा मोह काही कमी नसतो. चमकदार सोनेरी रंगाचा डबा आणि दोन सुट्टीचे दिवस हाती आले की वेदीवरील मेणबत्तीदाने जागच्या जागी सुरक्षित राहतीलच असे सांगता येत नाही.

एक प्रश्न आम्हांस नेहमी विचारला जातो: एवढी खटपट करण्यापेक्षा नवे घेतलेले स्वस्त नव्हे काय? पैशाच्या हिशेबात कधी कधी होय. भुशाच्या फळ्या दाबून, वर कागदी मुलामा चिकटवून केलेले कपाट स्वस्त पडते, आणि ज्या घरात लेकीचे लग्न अंगावर आले आहे त्यांस आम्ही उपदेश करणार नाही. परंतु ते कपाट पावसाळ्यात फुगले की टाकूनच द्यावे लागते. त्यास आंघोळ चालत नाही, सरस चालत नाही. उलट सागवानी खुर्चीवर स्पिरिट आणि पाव किलो चपडा ह्यांचा खर्च केला तर ती पुढल्या पिढीस बसावयास मिळते. आणि ती चपडा ज्या पळसावर पिकते तो पळस तोडण्याऐवजी राखण्यास धुऱ्याच्या मालकास एक कारण मिळते. लाखेचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी पडतो. शेतकऱ्याने केवळ तिच्यावर विसंबून राहावे असे नाही. पण धान कापून झाल्यावर हात रिकामे असतात त्या दिवसांत हे पीक घरी पैसा आणते, आणि त्यास नांगर लागत नाही.

कामास हंगाम मात्र पाहावा. पावसाळ्यात लाखेचा हात दिला की हवेतील दमटपणा थरात कोंडतो आणि रोगण दुधासारखे पांढुरके होते; जून ते सप्टेंबर आपल्याकडे बोळा बांधूच नये. मे महिन्याच्या उन्हात स्पिरिट इतके भरभर उडते की हात पसरण्याआधीच थर वाळतो. ज्यांस आपल्या खुर्चीस वा कपाटास हात घालावयाचा आहे त्यांनी धुणे, सांधे सोडविणे व भेगा भरणे ही कामे दसऱ्याच्या सुमारास उरकावीत आणि पॉलिश दिवाळीनंतर कोरड्या हवेत, दुपारी, धुळीचा वारा नसताना सुरू करावे. कातकी लाखही त्याच दिवसांत झाडावरून उतरते.